रँच ड्रेसिंग घरी करायचंय, अंड्याशिवाय आणि आपल्या दह्यात. जमेल का?

सॅलडडबा_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. मी राजारामपुरीत घरातूनच सॅलडचे डबे देते. मोडाचे मूग, काकडी, गाजर, कोबी, उकडलेला मका, कुणी मागितलं तर पनीर. वरून घालायला लिंबू-मिरी, नाहीतर पुदिन्याचं दही. आता टेक्सासहून शिकून आलेल्या एका पोरानं रँच, म्हणजे ताक-मेयोनेजचं अमेरिकी सॅलड ड्रेसिंग, मागितलंय, आणि त्याचं ऐकून जिममधली बाकीची पोरंही मागायला लागलीत.

बाहेरची बाटली आणून चव घेतली. चव आवडली, पण किंमत डब्याला परवडणारी नाही आणि त्यात अंडं आहे. माझं निम्मं गिऱ्हाईक शाकाहारी. म्हणून घरीच करायचं ठरवलंय.

अडलंय ते असं. सगळ्या कृतींत ताक घाला म्हणतात. आपलं ताक घातलं तर ते ड्रेसिंग राहील की कढीचं पाणी होईल? अंड्याशिवाय मेयोनेज घरी घट्ट होतं का? शेपू कपिलतीर्थ मंडईत मिळते, पण पार्सली आणि चाइव्ह्ज या परदेशी पाल्यांच्या जागी काय घालू? शिवाय डबा अकराला निघतो आणि माणूस दीड-दोनला जेवतो, तोवर पाणी सुटायला नको. कुणी खरंच करून बघितलंय का?

पन्हाळ्याचा_वारा

ताई, इतकं कशाला? अंड्याशिवायचं तयार मेयोनेज सगळीकडं मिळतं. त्यात दही, लसूण, कोथिंबीर आणि मिरी घालून फेटा. पाच मिनिटांत काम होतंय.

गॅलीतला_कुक

वरच्या भावानं सांगितलं ते खायला वाईट लागणार नाही, पण त्याला रँच म्हणू नका. टेक्सासला राहून आलेला पोरगा पहिल्या घासाला ओळखेल. मी बरीच वर्षं अमेरिकी प्रवाशांच्या जहाजावर थंड पदार्थांच्या विभागात होतो, आता शाहूपुरीत खानावळ चालवतोय. रँच आम्ही बादलीनं करायचो. ती माणसं ते सॅलडवर घालतात, गाजराच्या काड्या त्यात बुडवतात, चिकन विंग्ज बुडवतात, पिझ्झ्याची कडसुद्धा बुडवून खातात. त्यामुळं या विषयावर जरा सविस्तर लिहितो, कारण हा पदार्थ नीट केला तर फार चांगला आहे.

आधी तो आला कुठून ते बघा, म्हणजे त्यात काय हवं ते आपोआप कळेल. स्टीव्ह हेन्सन नावाचा माणूस अलास्कात प्लंबिंगची कंत्राटं घ्यायचा आणि आपल्या कामगारांना स्वतः रांधून घालायचा. तिथंच त्याला हे ड्रेसिंग सुचलं. पुढं 1954 मध्ये त्यानं आणि बायकोनं कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जागा घेतली, तिचं नाव ठेवलं हिडन व्हॅली रँच. पाहुण्यांना तिथं हे ड्रेसिंग इतकं आवडलं की मसाल्याची कोरडी पाकिटं टपालानं विकायला लागले. गिऱ्हाइकानं घरी ताक आणि मेयोनेज घालून कालवायचं. 1972 मध्ये क्लोरॉक्स कंपनीनं ते नाव 80 लाख डॉलरला घेतलं, आणि न नासणारी तयार बाटली आली 1983 मध्ये. म्हणजे मूळ पदार्थ हा वाळलेल्या मसाल्याचा आणि ताज्या दुधदुभत्याचा. मसाला कोरडाच वापरायचा यात कमीपणा काही नाही, चव तिथूनच आलीय. आणि दुधदुभत्याच्या बाबतीत कोल्हापूरला कुणाचं काय ऐकायचंय?

आता ताकाचं. तिकडं दुकानात जे ताक मिळतं ते लोणी काढून उरलेलं नसतं. कमी सायीच्या दुधाला विरजण लावून ते दाट करतात, ओतलं तर सावकाश पडतं. आपलं पाणी घालून घुसळलेलं ताक घातलं तर तुम्ही म्हणता तसंच होणार. म्हणून म्हशीच्या दुधाचं दही घ्या, रात्री लावलेलं आणि सकाळी लागलेलं. पहिल्या दिवसाचंच. कालचं आंबट दही घातलं तर शेपूचा वास मरतो आणि नुसती आंबट जीभ उरते. ते फडक्यात बांधून दीड-दोन तास टांगा. श्रीखंडाला करतो तेवढा कोरडा चक्का नको, चमच्यावरून घसरेल इतपत ठेवा. निथळलेलं पाणी टाकू नका. शेवटी पातळ करायला साध्या पाण्याऐवजी तेच चमच्याचमच्यानं घालायचं, म्हणजे आंबटपणा जागेवर राहतो.

मेयोनेज अंड्याशिवाय उत्तम होतं. दुधातली प्रथिनंच तेल धरून ठेवतात. अर्धी वाटी उकळून गार केलेलं सायीसकट दूध, पाव चमचा मोहरीची पूड आणि मीठ मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा. मग एक वाटी तेल अगदी बारीक धारेनं सोडत राहा. शेवटी दोन चमचे लिंबाचा रस घातला की डोळ्यांदेखत घट्ट होतं. तेल रिफाइंड सूर्यफुलाचंच घ्या. घाण्याचं शेंगतेल मला जीव की प्राण आहे, पण इथं ते सगळ्यांच्या वर बसतं. भांडं हाताला कोमट लागलं की थांबा, जरा गार होऊ द्या. मिक्सर तापल्यामुळंही मेयोनेज फाटतं.

दोन वाट्या टांगलेलं दही आणि एक वाटी मेयोनेज. तिकडं हे उलटं असतं, मेयोनेज जास्त. पण म्हशीच्या दह्याला स्वतःचीच साय असते, त्यामुळं तेल कमी पुरतं आणि जिमवाल्या पोरांनाही बरं. यात कांद्याची पावडर एक चमचा, लसणाची अर्धा, मिरी भरडून अर्धा, मीठ पाऊण चमचा, चिमूटभर साखर आणि वाळवलेली शेपू दीड चमचा. पावडरी लक्ष्मीपुरीत मसाल्याच्या दुकानात विचारा. कच्चा लसूण वाटून घालू नका. केल्या केल्या छान लागतो, पण दुसऱ्या दिवशी इतका उग्र होतो की बाकी काही कळत नाही.

शेपूबद्दल जरा जास्त सांगतो, कारण रँचची ओळख तिच्यावर आहे. आपली शेपू तिकडच्यापेक्षा तिखट वासाची आणि किंचित कडवट. जाड देठ काढा, फक्त दोऱ्यासारखी पानं घ्या, धुऊन पूर्ण कोरडी करा आणि सावलीत कागदावर पसरा. उन्हात टाकली तर वास उडतो आणि गवत उरतं. कुरकुरीत झाली की चुरून बरणीत भरा. वाळवल्यावर तिचा उग्रपणा बसतो आणि आपल्याला हवा तेवढाच वास उरतो. चाइव्ह्जच्या जागी कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग, अगदी बारीक कापून, तोही वाढायच्या दिवशीच. पार्सली सोडून द्या. कोथिंबीर तिच्या जागी येते असं लोक म्हणतात, पण ती घातली की हिरव्या चटणीचं दही होतं.

सगळं कालवलं की फ्रिजमध्ये निदान दोन तास झाकून ठेवा. ही पायरी गाळायची नाही. कोरड्या पावडरी पाणी पितात, फुलतात, ड्रेसिंग दाट होतं आणि चव एकजीव होते. म्हणून लगेच चाखून मीठ वाढवू नका.

गंगावेशची_लेक

दादांचं बाकी सगळं पटलं, दह्याबद्दल थोडं वेगळं सांगते. आमच्या घरी दूध गंगावेशच्या कट्ट्यावरून येतं, समोर धार काढलेलं. त्या दुधाची सगळी साय ठेवून दही लावलं तर फ्रिजमध्ये वर लोण्यासारखा थर धरतो आणि ड्रेसिंग जिभेला चिकटतं. मी दूध तापवून वरची जाड साय काढते, मग विरजते. दही घट्टच लागतं, पण खाताना हलकं. सायीचं तूप होतंच.

आणि सॅलडच्या पाण्याचं उत्तर राहिलं. काकडीच्या बिया चमच्यानं काढा, कापलेल्या भाज्या धुतल्यावर पंच्यावर पसरून कोरड्या करा आणि भाज्यांना मीठ अजिबात लावू नका. मिठानंच पाणी सुटतं. ड्रेसिंग वेगळ्या झाकणाच्या डबीत द्या.

गॅलीतला_कुक

साय काढायचं तुमचं बरोबर आहे ताई. खानावळीत गाई-म्हशीचं मिसळलेलं दूध येतं म्हणून मला ते जाणवलं नाही. कट्ट्यावरचं दूध असेल तर तुमच्या पद्धतीनंच करावं.

सॅलडडबा_राजारामपुरी

दोघांचेही खूप आभार. शेपू आजच पसरून ठेवली. अजून दोन प्रश्न. एका डब्याला किती द्यायचं, आणि एकदा केलेलं किती दिवस चालेल? आणि पोरं तिखट मागणारच, ती कोल्हापूरची आहेत. कांदा-लसूण चटणी घालू का?

गॅलीतला_कुक

एका डब्याला तीन मोठे चमचे पुरेत. त्याहून जास्त दिलं तर भाजी बुडते.

फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही, तीन दिवस ठेवा. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाला देऊ नका. बाटलीतलं महिनोन्‌महिने टिकतं ते त्यातल्या आम्लामुळं आणि टिकवणाऱ्या पदार्थांमुळं, तुमच्यात तेवढं आम्लही नाही आणि ते पदार्थही नाहीत. काढताना चमचा कोरडा हवा. उन्हाळ्यात डबीखाली बर्फाची जेलपिशवी ठेवल्याशिवाय डबा पाठवू नका. मार्च-एप्रिलमध्ये दही दोन तासांत आंबतं.

चटणी जरूर घाला. तिकडंही मिरची घातलेलं रँच आवडीनं खातात. फक्त अख्ख्या भांड्यात कालवू नका, कारण तिच्यात आधीच लसूण, मीठ आणि खोबरं आहे. ज्याला हवं त्याच्या डबीपुरतं काढा, तीन चमच्यांना पाव चमचा चटणी, आणि त्या डबीसाठी वेगळं मीठ नको. आधी चटणी चमचाभर कोमट तेलात भिजवून मग दह्यात घाला. कोरडी टाकली तर ठिपके ठिपके राहतात, तेलातून गेली तर रंगही धरते आणि तिखट सगळीकडं सारखं लागतं. टेक्सासवाल्या पोराला मात्र पहिल्यांदा साधंच द्या, आणि तो काय म्हणतो ते इथं लिहा.