मिरर आहे, डेटा आहे, पण सर्व्हर सुरूच होत नाही

लॅबवाला_सातारा:
नमस्कार मंडळी. बायकोची पॅथॉलॉजी लॅब आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो. मूळचा मी केमिस्ट्रीचा मास्तर, लिनक्स गळ्यात पडलं म्हणून शिकलो. जुना डेस्कटॉप, यूईएफआय (मशीन सुरू करणारं नवं फर्मवेअर) नाही, साधं जुनं बायोस. डेबियन १२, १ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, एमडीएडीएमने (लिनक्सचा रेडचा प्रोग्रॅम) रेड १, म्हणजे मिरर: एकच डेटा दोन्ही डिस्कवर.

सोमवारी पहिली डिस्क टकटक करायला लागली. /प्रॉक/एमडीस्टॅट (रेडची हालहवाल) उघडलं तर कंसात दोन 'यू'ऐवजी एक रेघ आणि एक 'यू', म्हणजे एकच डिस्क चालू. मिरर आहे म्हणून मी निर्धास्त. संध्याकाळी मशीन बंद करून मेलेली डिस्क काढली आणि बटण दाबलं. काळा पडदा, 'नो बूटेबल डिव्हाइस'. बायोसला डिस्क दिसते. दुसऱ्या मशीनला लावली तर सगळे रिपोर्ट जागेवर.

आज सकाळपासून सीबीसीचे रिपोर्ट लेटरहेडवर हाताने लिहितोय. अक्षर माझं. एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, प्लेटलेट १.५ लाख की १५ हजार? चुकलं कुठे? मिरर म्हणजे दोन्ही डिस्क सारख्याच ना?

जुनाटपेटी:
सारख्या नाहीत, सर. मिरर झालंय ते पार्टिशनचं, अख्ख्या डिस्कचं नाही. डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर कुठल्याच पार्टिशनात येत नाही. ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर; त्याचा पहिला तुकडा त्यातल्या ४४० बाइटांत बसतो आणि पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत. इन्स्टॉल करताना ग्रब कुठे टाकू असं विचारलं होतं, तेव्हा तुम्ही पहिली डिस्क निवडली असणार. सगळे तेच करतात, मीही केलंय.

डेबियनच्या इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह लावा, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रेस्क्यू मोड. तो रेड जोडून देईल. अ‍ॅरे 'इनअ‍ॅक्टिव्ह' दिसला तर एमडीएडीएमला --रन देऊन एकाच पायावर उभा करा. मग रूट म्हणून एमडी० निवडा, आतली शेल घ्या आणि ग्रब-इन्स्टॉल चालवा. ते डिस्कवर चालवायचं, पार्टिशनवर नाही; म्हणजे एसडीए (अख्खी डिस्क), एसडीए१ (तिचं पहिलं पार्टिशन) नव्हे.

पण थांबा. एक डिस्क काढलीत आणि पेनड्राइव्ह लावलात, म्हणजे अक्षरं सरकली. कालची एसडीबी आज एसडीए असेल, किंवा एसडीए म्हणजे पेनड्राइव्हच असेल. एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये आकार आणि सिरियल नंबर बघा, तो डिस्कच्या लेबलशी ताडून घ्या, मगच एंटर दाबा.

रात्रपाळी:
जुनाटपेटींशी सहमत, फक्त नवी डिस्क जोडायची घाई नको. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतल्या होत्या ना? मग उरलेलीचंही वय तेवढंच. रीबिल्डमध्ये (नव्या डिस्कवर मिरर भरताना) ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते, आणि दमलेली डिस्क नेमकी तिथेच राम म्हणते. आधी डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) बाहेरच्या डिस्कवर. मग स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न आलेल्या सेक्टरांचा आकडा, बघा. तिथे शून्य नसेल तर मला झोप लागणार नाही.

ईएफआयवाला:
पुढे कुणी हा धागा वाचेल म्हणून लिहितो. यूईएफआय मशीनवर खेळ वेगळा. तिथे बूटलोडर एफएटी३२च्या छोट्या, बूटसाठी राखलेल्या ईएसपी पार्टिशनात असतो आणि ते सहसा मिररमध्ये नसतंच. दुसऱ्या डिस्कवर तसंच पार्टिशन करून फायली कॉपी करा, ईएफआयबूटएमजीआरने फर्मवेअरच्या बूट यादीत नोंद टाका. आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याची यादी) /बूट/ईएफआयच्या ओळीत 'नोफेल', म्हणजे 'नाही मिळालं तरी पुढे जा', लिहा. नाहीतर ईएसपीवाली डिस्क गेली की ग्रब येतो, कर्नल येतो आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागत बसतं.

लॅबवाला_सातारा:
चाललं! पेंडिंग सेक्टर शून्य. डंप घेतला, रेस्क्यूमधून ग्रब टाकला, पहिल्या फटक्यात मेनू आला. नव्या डिस्कवर एसएफडिस्कने पार्टिशन टेबल उतरवलं (कुठून कुठे हे तीनदा मोठ्याने म्हणून), --अ‍ॅड केलं, सव्वादोन तासांत पुन्हा दोन 'यू'. मग ग्रब-पीसीचं डीपीकेजी-रीकॉन्फिगर चालवून दोन्ही डिस्कवर खूण केली, म्हणजे ग्रब दोन्हीकडे बसतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "मी रोज सकाळी कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय पेशंटचं एक तरी सॅम्पल चालवते का? मग तू एवढ्या वर्षांत एकदाही डिस्क काढून का नाही बघितलीस?" उत्तर नव्हतं. ती शेजारी उभी असताना मशीन बंद केलं, एका डिस्कची केबल काढली, सुरू केलं. आलं. पुन्हा बंद, दुसरी काढायला हात घातला.

रात्रपाळी:
अहो, पहिली नीट सिंक होऊ दिलीत ना?

लॅबवाला_सातारा:
दिली, दिली. बिटमॅप (कुठे काय बदललं याची नोंद) होता, मिनिटभरात झाली. मग दुसरी काढली, तरीही आलं. फक्त एक कळेना, सुरू होताना ९० सेकंद नुसतं थांबतंय.

जुनाटपेटी:
स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायचं पार्टिशन) मिररबाहेर होतं का? एफएसटॅबमध्ये मेलेल्या डिस्कच्या स्वॅपचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) असेल, सिस्टमडी (सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम) त्याची वाट बघतंय. नव्या डिस्कवर एमकेस्वॅप करा आणि तो यूयूआयडी तिथे लिहा.

लॅबवाला_सातारा:
तेच होतं. गेलं.