चर्चा: दोन खोल्यांचं संग्रहालय, पेंढा भरलेले प्राणी ठेवायचे की दगड?

काळापाषाण:
सोलापूरसारख्या गावात छोट्या संग्रहालयाकडे दोन खोल्या आणि एकच माणूस असतो, असं धरून बोलतो. पेंढा भरलेले प्राणी आणि बाटलीतले साप काढावेत, आणि सगळी जागा दगड, खनिजं आणि मातीला द्यावी असं माझं ठाम मत आहे. वाघ-बिबट्या कुठेही बघायला मिळतो. पण आपण ज्यावर उभे आहोत तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, दोन थरांमधली लाल बोलची (जुन्या लाल मातीची) पट्टी, मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांच्या खडकातल्या पोकळ्यांत वाढलेली स्टिल्बाइट, ह्युलंडाइट ही खनिजं, हे इथल्याच विहिरींत आणि खाणींत निघतं आणि खडीत जातं.

मातीचा उभा छेद करून भिंतीला लावला तर शेतकरी तासभर उभा राहील. 100 सेंमी लांब, 20 रुंद, 5 खोल अशी लाकडी पेटी घ्यायची. खड्ड्याची भिंत तेवढ्याच मापाने तासून पेटी तिच्यावर दाबायची आणि मागून माती कापत सोडवायची. अडचण काळ्या मातीची आहे. तिच्यातली चिकणमाती वाळताना आकसते, भेगा पडतात आणि आठवड्याभरात सगळं पेटीतून सुटतं. म्हणून पेटीच्या तळाला आधी फेविकॉलमध्ये भिजवलेली मलमल लावायची. वरून फेविकॉल पाण्यात अगदी पातळ करून चार-पाच वेळा थोडं थोडं मुरवायचं आणि सावलीत वाळवायचं. पावसाळा सरल्यावर, माती दमट असते तेव्हाच हे काम करावं. मे महिन्यात केलं तर ढेकळंच हाती येतात.

माळरान:
मालक, मातीचा छेद झकास, पण «वाघ कुठेही बघायला मिळतो» म्हणून माळढोकही फेकणार का? सोलापूरजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. जुन्या कपाटात या पक्ष्याचं कातडं असेल, आणि त्याला गाव-तारखेची चिठ्ठी असेल, तर ते परत मिळणार नाही. पिसांवरून त्याने काय खाल्लं असावं याचा अंदाज येतो, कातड्याच्या कणभर तुकड्यातून डीएनए निघतो. फोटोतून काय निघतं?

आणि काढणार म्हणजे कुठे काढणार? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या अनुसूची 1 मधल्या प्राण्याचं कातडं भंगारात देता येत नाही. वन विभागाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

काळापाषाण:
चिठ्ठी असलेलं कातडं ठेवा, त्याला माझा विरोध नाही. पण ज्याच्या नाकाचा रंग उडालाय, शिवण उसवलीय, तो चिठ्ठी नसलेला «शोभेचा» बिबट्या कशाला? वर तो विषारी. जुन्या काळी कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळत. डोळ्यांभोवती, कानाच्या मुळाशी, शिवणीवर पांढरी पूड दिसली की ते आर्सेनिक आहे असंच समजायचं, आणि दिसली नाही तरी तसंच समजायचं. शाळेची मुलं त्यावर हात फिरवतात! शिपाई फडक्याने पुसतो आणि तेच फडकं टेबलावर मारतो.

माळरान:
म्हणून काचेत ठेवायचं, फेकायचं नाही. नायट्राइल हातमोजे, मास्क, मऊ ब्रश, हेपा फिल्टरचा (बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्युम आणि त्याच्या तोंडाला जाळी, म्हणजे पिसं आत ओढली जात नाहीत. उघडी खिडकी बंद करा, कातड्यावर 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको.

कीड लागली तर (कातडं खाणाऱ्या भुंग्याच्या केसाळ अळ्या, त्यांच्या कातींवरून ओळखू येतात) फवारणी नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरगुती फ्रीजर उणे 18 च्या आसपासच थांबतो, म्हणून दोन आठवडे. मध्ये वीज गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर दव धरतं आणि बुरशी येते.

आणि दगड काय बिनदेखभालीचे असतात का ओ? आपल्या बेसॉल्टमधलं (काळ्या दगडातलं) लॉमोन्टाइट हे खनिज सोलापूरच्या एप्रिलात उघड्या कपाटात ठेवून बघा. त्यातलं पाणी उडतं, आधी दुधाळ होतं, मग बोट लागलं की पीठ. त्याला हवाबंद डबा लागतो, आत मिठाच्या संपृक्त द्रावणाची वाटी. त्याने आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास राहते. त्याच डब्यात चुकून पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) ठेवलं की दुसरा घोळ. एवढ्या ओलीत पायराइटचं गंधकाम्ल होतं आणि ते खालची चिठ्ठी खातं. त्याला कोरडं, 50 टक्क्यांच्या आत. म्हणजे दोन दगडांना दोन हवामानं. आणि तुमचं प्लायवूडचं कपाट! त्यातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने भीमेतल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी चढते.

खडीवाला:
मध्येच बोलतो. खाणीतून आलेला स्फटिकांचा गुच्छ «चकाचक» करायला संडासचं ॲसिड ओतणं आधी थांबवा. कॅल्साइट फसफसून जातं, स्कोलेसाइटची जेली होते, अपोफिलाइट पांढरं पडतं, ही सगळी याच खडकातली खनिजं. साधं पाणी, जुना मऊ टूथब्रश, सावलीत वाळवणं. गंजाचे डाग राहिले तर राहू द्या. आणि जांभळा ॲमेथिस्ट खिडकीजवळ नको, उन्हात रंग उतरतो.

शाईदौत:
तुम्ही दोघंही कपाटावर भांडताय, वही कुठाय? देणगीत आलेल्या खनिजांच्या ट्रेमध्ये जालन्याचं, जळगावचं, पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हनसाइट आणि इथल्या विहिरीतलं स्टिल्बाइट सगळं एकत्र. «महाराष्ट्र» एवढीच चिठ्ठी. अशा ढिगावर «सोलापूरचा भूगर्भ» असा फलक लावणं म्हणजे थाप. त्यामानाने गाव-तारीख असलेला साधा काळा दगड मोलाचा.

नंबर घालायची रीत: दगडाच्या खालच्या, स्फटिक नसलेल्या भागावर पॅरालॉइड बी-72 (पारदर्शक ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये विरघळवून छोटा पट्टा. तो सुकल्यावर चायना इंकने नंबर, मग वरून आणखी एक हात. मार्कर पेन नको, ते फिकं होतं आणि दगडात मुरतं. सेलोटेप तर मुळीच नको. जुनी चिठ्ठी कितीही फाटकी असो, काढून टाकू नका. पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून त्याच नमुन्यासोबत ठेवा. नवी चिठ्ठी जास्तीची, बदली नव्हे.

काळापाषाण:
वहीचं मान्य. बाटल्यांचं मात्र अजून कुणी बोललं नाही. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्का केलेला साप धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. अल्कोहोल पाण्याआधी उडतं. पातळी उतरली की शिपाई वर पाणी ओततो, कुणी जाणता असेल तर 70 टक्केच ओततो, आणि दोन्हींनी ताकद घटतच जाते. जास्त ताकदीचं घालून हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीने) मोजावं लागतं. पन्नासच्या खाली गेलं की साप सडायला लागतो. त्या स्पिरिटसाठी राज्य उत्पादन शुल्काचा परवाना हवा. एका माणसाच्या संग्रहालयात हे होणार आहे का?

माळरान:
बाटल्यांपुरतं तुमचं बरोबर, त्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्याव्यात, नोंदीसकट. कातडी मात्र इथेच. आणि बिबट्यालाही आधी नंबर मिळू दे. शाईदौत म्हणतात तशी वही भरताना त्याच्या पायाखालची लाकडी फळी उलटून बघा, चिठ्ठी तिथे डकवलेली असू शकते.

काळापाषाण:
बघा उलटून, हातमोजे घालून. सापडली तर त्याची जागा त्याची. नाही सापडली तर वन विभागाला पत्र मी लिहून देतो, आणि त्या जागी मातीची पेटी.