‘मॅक्रो व्हेरिएबल’ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडला सांख्यिकीच्या पोरांना सॅस (आकडेवारीचं विश्लेषण करायची संगणकप्रणाली) शिकवायलोय. व्हेरिएबलला ‘चल’ शाळेपासूनच रुळलेला आहे. पण एका नावाखाली आपण स्वतः ठेवतो आणि कोडमध्ये हवं तिथं वापरतो त्या मॅक्रो व्हेरिएबलला काय म्हणावं? एका टिपणात ‘यूझर-डिफाइन्ड मॅक्रो व्हेरिएबल’ला ‘उपयोजक-परिभाषित स्थूल चल’ सापडलं. पोरं विचारतात, सर, म्हणजे मोठा चल का?

*

‘स्थूल’ नकोच, तो अर्थशास्त्रातच बरा. माझी हरकत ‘चल’वरही आहे. ‘पाऊस’ हा चल असला की प्रत्येक तालुक्यापुढं वेगळा आकडा येतो. मॅक्रो व्हेरिएबल विदासंचाच्या (डेटासेटच्या) बाहेर असतो आणि त्यात आकडा कधीच नसतो, फक्त अक्षरं असतात. करून बघा (कोडमध्ये नावं रोमन लागतात, इथं देवनागरीत लिहिते; %लेटनं नावाखाली अक्षरं ठेवायची, & लावून ती वापरायची):

%लेट बेरीज = 2+3;
क्ष = 4*&बेरीज;

उत्तर 20 नाही, 11 येतं. कारण गणित व्हायच्या आधीच &बेरीजच्या जागी 2+3 ही अक्षरं जशीच्या तशी बसतात आणि 4*2+3 तयार होतं. ‘चल’ म्हटलं की पोरं इथंच फसतात.

मी ‘मजकूर’ सुचवते. जुन्या खरेदीखतात गावाचं नाव एकदा येतं, पुढं नुसतं ‘मौजे मजकूर’. म्हणजे वर सांगितलेलं गाव. वाचणारा तिथं नाव भरून वाचतो. %लेटनं जिल्ह्याचं नाव एकदा ठेवलं की पुढं &जिल्हा नेमकं हेच करतं. शिवाय आजच्या अर्थानंही त्यात असतो तो मजकूरच.

*

ताई, ‘मौजे मजकूर’ आता किती पोरांनी वाचलं असेल?

*

नसेल वाचलं तर एक खत वर्गात न्या, दादा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि शब्द जन्मभर राहतो. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा ज्यांनी %लेट जिल्हा वापरलं होतं, त्यांना एकच ओळ बदलावी लागली. बाकीच्यांनी प्रत्येक शीर्षक शोधत बसून बदललं. फक्त शीर्षक दुहेरी अवतरणात हवं. एकेरीत &जिल्हा तसंच छापून येतं.

*

पटलं. मग सॅस स्वतःच भरून देतं त्या सिसडेटसारख्याला ‘आयता मजकूर’ आणि %लेटनं ठेवतो तो ‘ठेवलेला मजकूर’, असं चालेल?

*

‘आयता’ फार छान. फक्त सिसडेटमध्ये सॅसचं सत्र सुरू झालं त्या दिवसाची तारीख असते, हे पोरांना सांगा. रात्रभर सत्र चालू ठेवलं तर सकाळी कालचीच तारीख छापली जाते.