मदत हवी आहे: गाइड डॉगसह पुणे–दिल्ली प्रवास, विमान की रेल्वे?

सहकारनगरकर
माझ्या मावसभावाला पूर्ण अंधत्व आहे. सोबत प्रशिक्षित गाइड डॉग: लॅब्राडॉर मादी, 28 किलो. दिवाळीच्या आधी दोघांनाच दिल्लीला जायचंय. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर 'कुत्रा कार्गोत जाईल' असं सांगितलं. हे खरं आहे का? आणि रेल्वे जास्त सोपी पडेल का?

पट्टा_आणि_हार्नेस
कार्गोचा नियम पाळीव कुत्र्यांचा. तुम्ही फोनवर 'कुत्रा' म्हणालात की समोरचा तोच वाचून दाखवतो. 'दिव्यांग प्रवाशाचा सेवा श्वान' असे शब्द वापरा आणि बोलणं ईमेलवर न्या. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) सीएआर, म्हणजे विमान कंपन्यांसाठीच्या नियमावलीतल्या विभाग 3, मालिका एम, भाग 1 चा उल्लेख करा. त्यानुसार प्रशिक्षित सेवा श्वान प्रवाशाच्या पायाशी, केबिनमध्ये, जादा पैसे न घेता जातो. किमान 48 तास आधी कळवा. मी तर म्हणेन तिकीट काढलं त्याच दिवशी. लेखी होकार आला की त्याची छापील प्रत जवळ ठेवा, कारण अडवाअडवी होते ती चेक-इन काउंटरवर, आणि तिथल्या माणसाने तुमचा ईमेल पाहिलेला नसतो.

कागद: यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र), प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र, लसीकरणाचं पुस्तक, पशुवैद्याचा ताजा फिटनेस दाखला. रेबीजची लस किमान महिनाभर आधीची हवी. पुस्तकात लसीचा बॅच नंबर आणि डॉक्टरांचा शिक्का आहे ना, आजच बघा. शिक्का राहून गेलेला असतो आणि तो नेमका विमानतळावर लक्षात येतो.

सहकारनगरकर
धन्यवाद, मोठी काळजी मिटली. सीट कुठली घ्यावी? पहिली रांग ऐसपैस असते म्हणतात.

पट्टा_आणि_हार्नेस
माणसाला ऐसपैस, कुत्र्याला नाही. पहिल्या रांगेत समोर सीट नसल्याने अंग सरकवायला जागाच नसते. साध्या रांगेत खिडकीची सीट घ्या. तिला उलटं, मागच्या पायांनी आत ढकलत बसवायचं: ढुंगण समोरच्या सीटखाली, डोकं भावाच्या बुटांवर. आइलला बसवलं तर शेपटी नाहीतर पंजा वाटेत येतो आणि जेवणाची ट्रॉली त्यावरून जाते. हे उलटं सरकणं घरी दोन खुर्च्या एकामागे एक ठेवून आठवडाभर रोज पाच मिनिटं करून घ्या. आपत्कालीन दरवाजाची रांग मात्र मिळणार नाही.

सुरक्षा तपासणीत हार्नेसचा, म्हणजे तिच्या अंगावरच्या कामाच्या पट्ट्याचा, धातू वाजतो. हार्नेस काढून ट्रेमध्ये, गळ्यात नायलॉनचा पट्टा. तिला 'बस' सांगून भावाने आधी चौकटीतून जायचं, मग हाक मारायची. दोघं एकदम गेले की यंत्र वाजल्यावर कोणामुळे वाजलं ते कळत नाही, आणि सगळं पुन्हा. हार्नेस नसताना ती कामावर नसते आणि तिचं लक्ष पटकन उडतं, म्हणून त्या दोन मिनिटांत तिला कोणी गोंजारू नये, हे जवानाला आधीच नम्रपणे सांगा.

डॉ_पशुवैद्य_औंध
खाण्याबद्दल: शेवटचं जेवण निघण्याच्या सहा तास आधी, नेहमीच्या निम्मं. पाणी तोडू नका, थोडं थोडं द्या. बर्फाचे तुकडे चघळायला दिले तर तहान भागते आणि मूत्राशय एकदम भरत नाही. विमान उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा चघळायला काहीतरी द्या. झोपेचं औषध अजिबात नको. त्याने तोल आणि शरीराचं तापमान दोन्ही बिघडतं, आणि गुंगीतला कुत्रा दिल्लीत उतरल्यावर भावाला वाट कशी दाखवणार? गाडी लागत असेल तर मॅरोपिटंट या उलटीवरच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

लोहगावला (पुणे विमानतळ) टर्मिनलमध्ये शिरण्याआधी बाहेर मातीवर शी-शू उरकून घ्या. ऐन वेळी अडचण नको म्हणून शोषक पॅडवर हुकमानुसार करायची सवय दोन आठवडे आधीपासून लावा. पुण्यात गवतावर जाणाऱ्या कुत्र्याला फरशीवर पाय टाकून करणं सहजी जमत नाही.

कूपेवाला
रेल्वेचंही सांगतो. कुत्रा डब्यात न्यायचा तर फर्स्ट एसीच, आणि तोही अख्खा कूपे म्हणजे दोन बर्थ किंवा चार बर्थची केबिन आपल्या नावावर असेल तर. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार बंद. तिथे सापडला तर सामानाच्या दराच्या सहापट वसुली. दुसरा पर्याय ब्रेकव्हॅनमधली, म्हणजे गार्ड-सामानाच्या डब्यातली पेटी. तो तुमच्यासाठी निरुपयोगी, तिथे ती मालकापासून तुटते. गाइड डॉगसाठी सवलत मागायची असेल तर पुणे विभागाच्या वाणिज्य शाखेकडून लेखी उत्तर घ्या, खिडकीवरच्या तोंडी 'हो'वर निघू नका.

मेख अशी की फर्स्ट एसीत तिकीट काढताना कूपे ठरत नाही, चार्ट लागताना ठरतो. सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या संध्याकाळीच होतो. म्हणून दोन्ही बर्थ एकाच पीएनआरवर, आणि कूपेचा अर्ज दोन-तीन दिवस आधी. पार्सल ऑफिसला तीन तास आधी तिला घेऊन जा: वजन, दाखले, पावती. हजरत निजामुद्दीन दुरांतोला फर्स्ट एसी आहे, पण वीस तासांच्या आसपासचा प्रवास. वडोदरा, कोटा इथे तिला शी-शूसाठी उतरवता येईल, तेही गाडी किती थांबते बघून. एकट्या दृष्टिहीन प्रवाशाने अनोळखी फलाटावर त्या घाईत उतरावं, असं मी सुचवणार नाही. विमानच घ्या.

सहकारनगरकर
ठरलं, सकाळचं विमान. ईमेल आज पाठवतो. फटाके सुरू व्हायच्या किती आधी पोहोचावं?

डॉ_पशुवैद्य_औंध
धनत्रयोदशीच्या किमान चार दिवस आधी. नवीन घराचा जिना आणि गल्ली तिला शांततेत शिकू द्या.