सभासदाचे छायाचित्र बदलले, तरी पोस्टग्रेसमधली जागा मोकळी होत नाही

प्रश्न
आमच्या ग्रंथालयाच्या सुमारे ६,००० सभासदांची प्रत्येकी ८० केबींच्या आसपासची छायाचित्रे आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये लार्ज ऑब्जेक्ट (मूळ टेबलाबाहेर वेगळी साठवलेली मोठी फाइल) म्हणून ठेवतो आणि दरवर्षी वर्गणी भरताना नवे छायाचित्र घेऊन जुने बदलतो. या हिशेबाने सगळे ५०० एमबींत मावायला हवे. परंतु सहा वर्षांत डेटाबेस ३ जीबींवर गेला असून व्हॅक्यूम (पुसलेल्या ओळींची जागा मोकळी करणारी आज्ञा) चालवूनही फरक पडत नाही. ही जागा खाते तरी कोण?

उत्तर १
सभासदांच्या टेबलात छायाचित्र नसतेच, तिथे फक्त त्याचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. खरे छायाचित्र २ केबींच्या तुकड्यांत पीजी_लार्जऑब्जेक्ट या सिस्टिम टेबलात पडलेले असते. तुम्ही ओआयडी बदलता, पण जुन्यावर एलओ_अनलिंक हे पुसणारे फंक्शन चालवत नाही, त्यामुळे मागच्या सगळ्या वर्षांचे चेहरे तिथेच मुक्काम ठोकून आहेत. व्हॅक्यूमच्या लेखी त्या ओळी जिवंत असल्याने तो त्यांना हात लावत नाही. व्हॅक्यूमएलओ हे साधन चालवून ही बेवारस, म्हणजे ज्यांचा ओआयडी कुठल्याच टेबलात उरलेला नाही अशी, छायाचित्रे काढा आणि पुढच्यासाठी एलओ_मॅनेज हा ट्रिगर (ओआयडी बदलताच जुने छायाचित्र आपोआप पुसणारा) लावा.

उत्तर २
जरा थांबा. व्हॅक्यूमएलओ केवळ ओआयडी आणि एलओ याच प्रकारचे कॉलम तपासते. तुमचा क्रमांक बिगइंट (मोठी पूर्ण संख्या) किंवा टेक्स्ट (मजकूर) कॉलमात असेल, तर त्याला चालू सभासदांची छायाचित्रेही बेवारस वाटतील आणि तीही पुसली जातील. आधी बॅकअप घ्या, मग ‘-एन -व्ही’ देऊन, काहीही न पुसता, नुसता आकडा पाहा. खरे तर ८० केबींसाठी हा खटाटोपच नको होता. फाइल थेट ओळीतच ठेवणारा साधा बाइट-ए कॉलम १ जीबीपर्यंत चालतो आणि ओळीबरोबर त्यातले छायाचित्रही जाते. मोठ्या फाइलचा मधलाच भाग वाचायचा असेल, तेव्हा लार्ज ऑब्जेक्ट उपयोगी.

प्रश्नकर्ता
कॉलम बिगइंटच निघाला! ‘-एन’ने ३६,००० हा आकडा दाखवला, म्हणजे एकूण एक छायाचित्र. प्रकार बदलून ओआयडी केल्यावर तो ३०,००० वर आला, तेव्हा कुठे ती पुसली. तरीही डिस्कवरची जागा तेवढीच दिसते.

उत्तर १
ती जागा आता नव्या छायाचित्रांसाठी वापरली जाईल. डिस्कला परत हवी असेल, तर पीजी_लार्जऑब्जेक्टवर व्हॅक्यूम फुल चालवावे लागेल. मात्र तेवढा वेळ ते टेबल पूर्ण लॉक होते आणि नवी प्रत तयार होईपर्यंत जादा जागाही लागते, म्हणून ग्रंथालय बंद झाल्यावरच करा. कॉलमचा प्रकार न पाहता व्हॅक्यूमएलओ सुचवले, ही चूक माझी.