शब्दचर्चा : कॉलेज फुटबॉलमधल्या 'कॉन्फरन्स चॅम्पियनशिप'ला काय म्हणावं?

कोलंबसकर

इथल्या मंडळाच्या अंकासाठी कॉलेज फुटबॉलवर लेख लिहायला घेतलाय. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा. हे पहिल्या ओळीत सांगून टाकलेलं बरं.) वाचक बहुतेक असे, की मुलं इथल्या विद्यापीठांत शिकतात, शनिवारी घरात टीव्हीसमोर आरडाओरडा चालतो आणि आईबाबांना पत्ता नसतो की कशावरून.

घोडं अडलंय ते डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी. त्या दिवशी एसईसी, बिग टेन, एसीसी वगैरे कॉन्फरन्स आपापला शेवटचा सामना खेळवतात. मी लिहिलं, 'अजिंक्यपदाचा सामना'. दुसऱ्या दिवशी, रविवारी, समिती प्लेऑफचे, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद स्पर्धेचे, १२ संघ जाहीर करते. तिला 'निवड समिती' लिहिलं तर बायको म्हणाली, "म्हणजे खेळाडू निवडतात ना?" पुढे सीड, रँक, बाय आणि अ‍ॅट-लार्ज ही चौकडी आहेच. सुचवा.

शब्दवेल्हाळ

वहिनींचं बरोबर आहे. 'निवड समितीने संघ निवडला' हे वाक्य मराठी कानाला क्रिकेटचंच ऐकू येतं, पंधरा नावं आणि वगळलेल्या एखाद्याची हळहळ. इथे १३ जण टेक्सासातल्या एका हॉटेलात बसून अख्खे संघच आत घेतात किंवा बाहेर ठेवतात. 'प्लेऑफ समिती' लिहा, घोटाळा होणार नाही.

कॉन्फरन्सचं 'परिषद' मात्र करू नका. परिषद म्हटलं की सतरंजी, अध्यक्षीय भाषण आणि ठराव डोळ्यांसमोर येतात. 'गट'ही नको. गट एकाच स्पर्धेतले असतात आणि दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पडतात. कॉन्फरन्स ही विद्यापीठांची कायमची संघटना, स्वतःचे नियम आणि स्वतःचे टीव्ही करार असलेली. 'कायमची' हेही आता धाडसानंच म्हणायचं, कारण बिग टेनमध्ये १८ संघ आहेत आणि बिग ट्वेल्व्हमध्ये १६. नावातल्या आकड्यावर जाऊ नये. कॉन्फरन्सच ठेवा.

पीचट्री

'अजिंक्यपद'ला माझी हरकत आहे. अजिंक्य म्हणजे ज्याला जिंकता येत नाही असा. वर्तमानपत्रं सर्रास वापरतात, कबूल. पण या खेळात तो शब्द पार तोंडघशी पडतो.

२०२३ साली फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकून एसीसीचा विजेता झाला. शब्दशः अजिंक्य. समितीनं त्याला पाचव्या क्रमांकावर ठेवलं, आणि तेव्हा प्लेऑफमध्ये जागा चारच होत्या. २०२५ साली त्याच एसीसीचं विजेतेपद ड्यूकनं मिळवलं, व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० असं हरवून. हा विजय धरून ड्यूकची कामगिरी ८ विजय, ५ पराभव. पाच वेळा हरलेला अजिंक्य! तोही प्लेऑफबाहेरच राहिला, पण त्याच्यासाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत.

'विजेतेपद' किंवा 'जेतेपद' लिहा. साधा शब्द आहे, खोटं बोलत नाही.

मातीवाला

मला या खेळातलं शष्प कळत नाही, तरी एक विचारतो. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची गाठ शेवटच्या कुस्तीत पडते. मातीतला पैलवान जिंकलाय खरा, पण खांदा दुखावलेला दिसतो, तेव्हा गादीतलेच दोघे घेऊ, असं कुणी म्हणेल का? मग तुमच्याकडे विजेत्याला बाहेर ठेवतातच कसे? आणि ठेवता येत असेल तर तो सामना कशासाठी?

कोलंबसकर

मातीवाले, लेखाचा खरा विषयच तुम्ही एका दमात विचारलात. शब्दापुरतं बोलायचं ठरवलं होतं, पण हे सांगितल्याशिवाय शब्दही ठरणार नाही.

तो खांदा दुखावल्याचा प्रसंग खरंच घडलाय. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरच्या मध्याला पाय मोडून बसला. त्याच्या जागी आलेल्यालाही पुढे डोक्याला मार लागला. एसीसीच्या शेवटच्या सामन्यात तिसऱ्या फळीतलं पोरगं उतरवावं लागलं. बचावफळीनं लुईव्हिलला सहा गुणांवर रोखलं, संघ १६-६ असा जिंकला, चषक उचलला. समितीनं तो सामना पाहिला आणि त्यातून काय घेतलं? हा संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही. त्याच दिवशी अलाबामानं पहिल्या क्रमांकावरच्या जॉर्जियाला २७-२४ असं हरवलं होतं. चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला गेली.

आता आमची २०१४ची गोष्ट. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक हंगामाआधीच जायबंदी, दुसऱ्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. बिग टेनच्या शेवटच्या सामन्यात तिसरा, कार्डेल जोन्स, पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला. विस्कॉन्सिनविरुद्ध ५९-०. रविवारी आम्ही चौथ्या क्रमांकावर आत, आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेते.

दोन्हीकडे तिसरा क्वार्टरबॅक, दोन्हीकडे विजय, दोन्हीकडे कॉन्फरन्सचं विजेतेपद. एकाला त्या सामन्यानं दार उघडून दिलं, दुसऱ्याला तोंडावर बंद केलं. म्हणजे कॉन्फरन्सच्या दृष्टीनं तो सामना निकाल असतो, पण समितीच्या दृष्टीनं ती फक्त एक साक्ष. साक्ष कुणाच्या बाजूनं जाईल ते साक्षीदाराच्या हातात नसतं.

पीचट्री

आणि पुढे ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या हंगामोत्तर सामन्यात जॉर्जियानं फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं धुतलं, तेव्हा "बघा, समिती बरोबर होती" म्हणणारे खूप निघाले. त्यात अर्थ नाही. तोवर त्यांचे बरेच बिनीचे खेळाडू त्या सामन्यातून बाहेर पडले होते. अन्याय झालेल्या संघाचा उरलेला सांगाडा हरला, एवढंच.

कोलंबसकर, २०१६बद्दल मात्र तुम्ही चूप बसलात!

कोलंबसकर

:) सांगतो. २०१६ साली पेन स्टेटनं आम्हाला २४-२१ असं हरवलं, बिग टेनचं विजेतेपदही घेतलं. आम्ही त्या शेवटच्या सामन्यात नव्हतोच. प्लेऑफमध्ये आम्ही गेलो, ते दोन पराभवांमुळे राहिले. तिथे मग उपांत्य फेरीत क्लेमसननं आम्हाला ३१-० असं उघडं पाडलं, तेव्हा पेन स्टेटवाल्यांना जे काय वाटलं असेल ते वाटलं असेल.

शब्दवेल्हाळ

रँक आणि सीडचं राहिलं. 'क्रमवारी' आणि 'मानांकन' हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत, पण आपण ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. टेनिसमध्ये फारसं बिघडत नाही. तुमच्या लेखात बिघडेल ना?

कोलंबसकर

बिघडेल, निदान २०२४पुरतं. त्या वर्षी १२ संघांचा प्लेऑफ सुरू झाला आणि नियम असा होता की पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स विजेत्यांनाच. त्यामुळे बॉइसी स्टेट क्रमवारीत नववा, मानांकन तिसरं. अ‍ॅरिझोना स्टेट क्रमवारीत बारावा, मानांकन चौथं. दोघांना पहिली फेरी खेळावी लागली नाही. क्रमवारी हे समितीचं मत आणि मानांकन हे नियमानं दिलेलं आसन, असा फरक त्या एका वर्षात लख्ख दिसला.

गंमत अशी की थेट उपांत्यपूर्व फेरीत बसलेले चारही विजेते तिथेच हरले. राष्ट्रीय विजेता कोण? आठवं मानांकन असलेला ओहायो स्टेट, ज्यानं मिशिगनकडून १३-१० असं हरून बिग टेनचा शेवटचा सामना गमावला होता. म्हणजे खेळायलाच मिळाला नव्हता. २०२५पासून तो नियम काढला. आता क्रमवारीतले पहिले चार तेच पहिले चार मानांकित. शब्द पुन्हा एकमेकांत मिसळले.

'बाय'ला 'पुढे चाल' सुचलं होतं, पण आपल्याकडे प्रतिस्पर्धी आलाच नाही तरी 'पुढे चाल' म्हणतात. म्हणून 'थेट उपांत्यपूर्व फेरीत' असं सरळ लिहिणार आहे.

नाशिकची_सून

अ‍ॅट-लार्ज म्हणजे काय ते समजावून सांगाल का? मुलगा सांगतो पण इतक्या घाईत, की नको होतं.

पीचट्री

२०२४ आणि २०२५ साली १२ जागांपैकी पाच जागा सर्वांत वरच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना होत्या. उरलेल्या सात समितीनं क्रमवारीनुसार भरल्या, त्यांना अ‍ॅट-लार्ज म्हणतात. आपल्याकडच्या प्रवेशाच्या भाषेत पाच राखीव, सात खुल्या.

शब्दवेल्हाळ

'राखीव' नको. त्या शब्दामागे आपल्याकडे इतका वाद आहे, की वाचक फुटबॉल सोडून भलतीकडेच जाईल. शिवाय या पाच जागा मैदानावर कमावलेल्या. 'हक्काच्या जागा' म्हणा. 'खुल्या' चालेल.

पीचट्री

हक्काच्या म्हणाल, तर ड्यूकचा हक्क कुठे गेला? तेव्हाचा नियम 'वरच्या पाच विजेत्यांना' म्हणत होता, प्रत्येकाला नाही. ड्यूक विजेता होऊनही त्या पाचात बसला नाही. त्याच्या वरच्या क्रमांकावर ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन हे तुलनेनं छोट्या कॉन्फरन्सचे विजेते होते, ते आत गेले. एसीसीकडून कोण गेलं? मायामी, खुल्या जागेवर, एसीसीचा शेवटचा सामना न खेळता. एसीसीत १७ संघ, सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत, बरोबरी झाली की ती सोडवायचे नियम लागतात. त्यात मायामी मागे पडला आणि तोवर ७-५ असलेला ड्यूक पुढे गेला. पुढे मायामीनं थेट राष्ट्रीय अंतिम सामना गाठला, तिथे इंडियानाकडून हरला.

कोलंबसकर

तरी 'हक्काची'च ठेवतो. आपल्याकडेही हक्काच्या गोष्टी मिळतातच असं कुठंय?

मातीवाले, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो सामना कशासाठी. मूळ कारण पैसा, हे उगाच झाकायला नको. १२ सदस्यांची दोन भागांत विभागलेली कॉन्फरन्स असेल तर एक जादा सामना खेळता येतो, असा नियम होता. एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी तो हेरला, दोन संघ वाढवून कॉन्फरन्स बाराची केली आणि १९९२ साली बर्मिंगहॅमला पहिला सामना भरवला. प्रशिक्षक वैतागले होते. अलाबामा एकही सामना न हरता तिथे पोचला होता आणि या जादा सामन्यात घसरला असता तर राष्ट्रीय विजेतेपद हातचं गेलं असतं. शेवटच्या चौथाईत २१-२१. फ्लोरिडाचा पास अँटोनियो लँगहॅमनं मधल्यामध्ये उचलला आणि २७ यार्ड धावत जाऊन गुण केले. अलाबामा २८-२१. पुढे त्यांनी मायामीला हरवून राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं, आणि तक्रार विरली. पण होती ती रास्तच. वरच्या संघाला या सामन्यात मिळवण्यासारखं थोडं, गमावण्यासारखं फार.

आता १२ जागा झाल्यावर तर जास्तच. २०२४ साली जॉर्जियानं टेक्सासला जादा वेळेत २२-१९ असं हरवून एसईसी जिंकली, पण मध्यंतराआधीच्या शेवटच्या खेळीत क्वार्टरबॅक कार्सन बेकच्या कोपराला मार बसला. जादा वेळेत बदली खेळाडूचं हेल्मेट निघालं म्हणून नियमाप्रमाणे त्याला एका खेळीपुरतं बाहेर जावं लागलं, तेव्हा तो दुखरा हात घेऊन बेक आत आला, चेंडू शेजारच्याच्या हातात ठेवला आणि परत गेला. पुढच्याच सामन्यात, त्याच्याविना, जॉर्जिया बाहेर. टेक्सास हरूनही प्लेऑफमध्ये होताच, आणि जॉर्जियापेक्षा एक फेरी पुढे गेला.

मातीवाला

म्हणजे जिंकून तोटा, हरून नुकसान नाही. मग 'बाद' हा शब्द या सामन्याला लागूच नाही.

पीचट्री

कधी कधी लागतो. २०२४ची एसीसी बघा. एसएमयू क्लेमसनविरुद्ध उत्तरार्धात ३१-१४ असा मागे, तिथून १६ सेकंद राहिले असताना ३१-३१. क्लेमसननं पुढची किक बरीच आत परतवली, एक पास झेलला, तीन सेकंद उरले, आणि नोलन हाउसर नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं ५६ यार्डांवरून चेंडू दांड्यांमधून घातला. क्लेमसनसाठी ती बाद फेरीच होती, तीन पराभव खात्यात, हरले असते तर घरी. एसएमयू हरूनही शेवटची खुली जागा घेऊन गेला. रात्रभर वाद चालला होता, जादा सामना खेळून हरलेल्याला शिक्षा करायची का? त्यांना बाहेर काढून तो शनिवार घरी बसलेल्या अलाबामाला आत घ्यायचं का? समितीनं नाही म्हटलं. मला ते पटलं.

पुढच्याच वर्षी अलाबामा एसईसीच्या शेवटच्या सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असा आडवा झाला आणि नवव्या क्रमांकावरून तसूभर हलला नाही. त्याच दिवशी बीवाययू टेक्सास टेककडून ३४-७ असा हरला, तो मात्र अकराव्यावरून बाराव्यावर. शिक्षा करायची नसेल तर कुणालाच करू नये. शिवाय बीवाययू खाली घसरल्यानं नोत्र दाम आणि मायामी क्रमवारीत शेजारी आले, ऑगस्टमध्ये मायामीनं २७-२४ असं जिंकलेलं तेव्हा समितीला आठवलं, आणि त्या शनिवारी न खेळलेला नोत्र दाम बाहेर पडला. त्यांनी मग बोल सामनाच नाकारला.

नाशिकची_सून

अच्छा, मुलगा त्या रविवारी दार आपटून गेला ते यासाठी!

कोलंबसकर

तर मसुदा असा : "शनिवारी कॉन्फरन्सच्या जेतेपदाच्या लढती झाल्या. रविवारी प्लेऑफ समितीने क्रमवारी जाहीर केली. हक्काच्या पाच जागा वरच्या पाच विजेत्यांना मिळाल्या, उरलेल्या सात खुल्या जागा क्रमवारीनुसार भरल्या. पहिले चार संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत." 'अंतिम सामना' मुद्दाम टाळलाय, कारण अंतिम म्हटलं की त्यानंतर काही उरत नाही असं वाटतं. 'लढत' चालेल ना?

शब्दवेल्हाळ

चालेल. फक्त 'मिळाल्या'च्या जागी 'गेल्या' करा.