मदत हवी आहे: वडिलांच्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे का?

नमस्कार. मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव असलेले माझे वडील ज्या संगणकावर संस्थेची पत्रे आणि इतिवृत्ते लिहितात, त्यावरील विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा नसल्यामुळे विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही. उत्तम चालणारे यंत्र भंगारात काढणे मला मुळीच पटत नाही, म्हणून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवण्याचा विचार आहे. ब्राउझर आणि लिबरऑफिस (पत्रे वगैरे लिहिण्याचे मोफत सॉफ्टवेअर) त्यांना पुरेसे आहे, मराठी टंकनाचा इन्स्क्रिप्ट कळफलकही त्यात मिळतो. खरी चिंता आहे ती युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये (म्हणजे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर वाचता येत नाही अशा) टंकलेल्या दहा वर्षांच्या कागदपत्रांची. अशा फाइली आपण कशा रूपांतरित केल्या, आणि सत्तरीतील व्यक्तीला हा बदल खरोखर झेपला का, हे कृपया अनुभवावरून सांगावे.